अकरा खाचांचा फोन

काळा फोन निवडून आला. अकरा खाचा विरुद्ध नऊ. भर पठारावर, चाळीस घरांच्या देखत, माझ्या बापाने स्वतःच्या चाकूने काठीवर खाचा पाडल्या, काठी उभी चिरली आणि अर्धी झाहारियाच्या हातात दिली.

असं काही झालंच नाही. मोलिदा गावात कुणालाही विचारा. फोनची मोजणी? कसली मोजणी? गाव इतकं एकजुटीचं आहे की चाळीसच्या चाळीस घरं नेमकी तीच एक गोष्ट विसरली आहेत. तेव्हा आपणही ती झाली नाही असं धरू आणि मे महिन्यापासून सुरुवात करू. तेव्हा माझा बाप अजून शहाणा माणूस समजला जात होता.

माझा बाप ओनिशोर. तारनित्साच्या पठारावर मेंढरांचा तळ आहे, त्याचा तो म्होरक्या. एकतीस उन्हाळे. मेंढरं त्याची नाहीत, गावाची. मे महिन्यात गाव ती त्याच्या हवाली करतं, सप्टेंबरात परत घेतं. मधले दिवस आम्ही वर राहायचं, तीन वेळा धारा काढायच्या, दुधाचं चीज करायचं, ज्याचा त्याचा वाटा खाली पाठवायचा, उरेल ते आमचं. आमच्या स्वतःच्या मेंढ्या चौदा. त्यातली एक लंगडी आणि एक माझ्या आईवर डूख धरलेली.

वाटा ठरतो मोजणीच्या दिवशी. प्रत्येक मालक आपल्या मेंढ्यांची धार आपल्या हाताने काढतो. दूध लाकडी बादलीत ओततात, त्यात काठी उभी करतात, जिथवर ओली झाली तिथवर खाचा. मग काठी उभी चिरायची. अर्धी मालकाची, अर्धी म्होरक्याची. सप्टेंबरात दोन्ही अर्ध्या एकमेकींना लावून बघायच्या. जुळल्या की विषय संपला. एका दिवसाच्या दुधावर अख्ख्या उन्हाळ्याचा वाटा. म्हणून आदल्या संध्याकाळी मोलिदात मेंढ्यांना मूठमूठ मीठ चारतात. त्या पोटभर पाणी पितात आणि सकाळी कास अशी टम्म फुगते की मेंढी पाय फाकून चालते. सगळेच चारतात, सगळ्यांना माहीत असतं. जो चारत नाही, त्याच्या घरी लोक तब्येत विचारायला जातात.

यंदाची दुधाची मोजणी दुपारी आटोपली. लोक गवतावर मक्याचा घाटा आणि ताजं चीज घेऊन बसले होते. बाप चाकू पुसत होता. तेवढ्यात इलारिये उठला. इलारियेची लाकडाची गिरणी आहे आणि एकशेवीस मेंढ्या. गावात त्याच्याहून जास्त कुणाच्या नाहीत.

"ओनिशोरदादा, यंदा फोन लागेल."

"कुणाला?"

"तुला. वर."

"मला कुणाशी बोलायचंय वर?"

"तुला नसेल. आम्हाला आहे. गेल्या वर्षी अस्वलाने पाच नेल्या. आम्हाला कळलं कधी? चौथ्या दिवशी! आता पंचायतीचा नवा नियम आलाय. चोवीस तासांत कळवायचं, जागेवरून, फोनवरून, फोटोसकट. तरच भरपाई. नाहीतर बोंबला." त्याने खिशातून एक निळा फोन काढला. "माझ्या जावयाने परदेशातून आणलाय. तीन दिवस चार्जिंग लागत नाही. हा ने वर."

झाहारिया बसल्या जागी हसला. झाहारियाचं दुकान आहे, एकशेदहा मेंढ्या आहेत, आणि इलारियेची बायको त्याची सख्खी बहीण आहे. मेहुण्या-मेहुण्यांत एकोणीस वर्षं बोलणं नाही. काही सांगायचंच झालं तर मधे जो उभा असेल त्याला सांगतात. त्या दिवशी मधे माझा बाप होता.

"ओनिशोर, सांग त्याला," झाहारिया म्हणाला, "की त्या निळ्याला वर रेंज येत नाही. तीन दिवस जिवंत राहून तो करणार काय, देवाचं नाव घेणार? माझ्या दुकानातला काळा घेऊन जा. विहिरीत टाकला तरी रेंज पकडतो."

"ओनिशोर, सांग त्याला, की तो काळा दुपारपर्यंत मान टाकतो. अर्ध्या गावाने परत केलाय."

"ओनिशोर, सांग त्याला, की माझा फोन वर नसेल तर माझी मेंढरंही वर नसतील."

"माझीही नसतील, सांग."

बाप मधे उभा. एकशेवीस इकडे, एकशेदहा तिकडे. यातला एक कळप जरी गेला तरी उरलेल्या दुधात चीजची मोठी कढई भरत नाही. तळ बंद. पठाराचा ठेका दुसऱ्या कुणाला. माझी आई पालागा घाट्याच्या भांड्यावर लाकडी पळी आपटून म्हणाली, "दोन्ही द्या की. एक ह्या कानाला, एक त्या कानाला." दोघांना दोन्ही फोन नको होते. दोघांना दुसऱ्याचा फोन पडायला हवा होता.

आणि माझा शहाणा बाप म्हणाला, "मोजू या."

"काय मोजू या?"

"फोन. रिवाजाप्रमाणे. एक दिवस, तीन धारा. प्रत्येक धारेला फोन बाहेर काढायचा, रेंजच्या जेवढ्या दांड्या तेवढ्या खाचा. मेलेला असला तर शून्य. ज्याचं जनावर त्याने आपल्या हाताने पिळायचं. ज्याच्या खाचा जास्त त्याचा फोन उन्हाळाभर."

चाळीस घरांनी माना डोलावल्या. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली रीत आहे, तिच्यात खोट कशी असेल? मेंढी आज जेवढं देते तेवढंच साधारण उद्याही देते. फोन देत नाही, हे त्या माळावर फक्त मला माहीत होतं. मी दोन उन्हाळे परदेशात स्ट्रॉबेरी तोडायला गेले होते, तिथे माझ्याकडे चार फोन मेले. मी बोलले नाही. मला वाटलं, बघू तरी. फोनची धार काढताना माणसं कशी दिसतात ते मला बघायचं होतं.

तीन दिवसांनी तळावर, सगळ्या गावादेखत, मोजणी झाली. झाहारियाने झोपडीच्या दारात, लाकडं फोडायच्या ओंडक्यावर मांड ठोकली. सकाळच्या धारेला काळ्याने चार दांड्या दाखवल्या. दुपारी पुन्हा चार. दुपारी तो मरायला हवा होता, पण ठणठणीत होता. इलारियेने जागा निवडली टोकाचा दगड. तळापासून पाऊण तासाची चढण, त्यापुढे कडा आणि कड्यापलीकडे दुसरा देश. "ज्याचं जनावर त्याने हवं तिथे पिळावं," तो म्हणाला. निळ्याला तिथे तीन दांड्या यायच्या. धापा टाकत साक्षीदार वर जायचे, खाच पाडून धापा टाकत खाली यायचे. तीन, तीन, तीन.

संध्याकाळच्या धारेला झाहारिया मेंढीच्या कातड्याचा डगला घालून बसला होता. मे महिन्याचं ऊन, आणि कपाळावरून घाम ठिबकतोय. मी त्याला ताक द्यायला गेले तेव्हा डगल्याच्या आतून एक वायर आलेली दिसली. काळा फोन दिवसभर त्याच्या काखेत पॉवर बँकेचं दूध पीत होता.

मी ताक दिलं. "गरम होतंय का काका?"

"छातीत कफ आहे गं, सावेता."

मी हसू दाबत मागे फिरले. मीठ सगळेच चारतात. काळ्याला शेवटी तीन दांड्या मिळाल्या. अकरा विरुद्ध नऊ. इलारियेने निळा फोन आमच्याच झोपडीच्या फळीवर आपटला. "राहू दे इथेच. लागेल तुम्हाला." आणि उतरून गेला. मेंढरं मात्र नेली नाहीत. रिवाज म्हणजे रिवाज.

जूनमध्ये आम्हाला कळलं की फोनला रेंज असणं म्हणजे काय.

रोज संध्याकाळी सातला मालक व्हिडिओ कॉल करणार, असं ठरलं होतं. सात ही आमची धारेची वेळ. धारेला दगडी भिंतीत एक अरुंद दार असतं, त्यातून एकेक मेंढी येते, दाराशी बसलेल्याने तिची धार काढायची आणि पुढे सोडायची. दाराशी माझा बाप, मी आणि मितरू नावाचा आमचा गडी. पावणेचारशे मेंढ्या मागे कोंबून उभ्या, कासा तटतटलेल्या, ओरडतायत. आणि बाप उठून लाकडं फोडायच्या ओंडक्यावर उभा, हात वर करून, कारण झोपडीच्या दारात काळ्याला दांड्या यायच्या त्या त्याच उंचीला.

त्याच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत. एकतीस उन्हाळे धारा आणि चीजच्या निवळीचं पाणी. बोटांची कातडी पट्ट्याच्या चामड्यासारखी झालीय. काचेवर बोट फिरवलं तर फोनला पत्ताच लागत नाही. मितरूने उपाय काढला. "नाकाने करा की दादा. नाक मऊ असतं." तेव्हापासून तळाचा म्होरक्या ओंडक्यावर चढून, फोन तोंडासमोर धरून, नाकाने फोन उचलायचा. फोन लागला की गावाला रोज आधी त्याच्या नाकपुड्या दिसायच्या. दुकानात त्यावर पैजा लागायच्या म्हणे.

"ओनिशोरदादा, आमची काळ्या तोंडाची दाखव."

"धार चाललीय, बाय."

"मग कास दाखव. तिची कास दाखव."

झाहारियाच्या बायकोला मेंढीची कास बघितल्याशिवाय जेवण जायचं नाही. बाप ओंडक्यावरून उतरायचा, मेंढी शोधायचा, तिला उचलून ओंडक्यावर घ्यायचा, कारण खाली रेंज नव्हती. साठ किलोची मेंढी एका हातात, दुसऱ्या हातात फोन. एकसष्ट वर्षांचा माणूस. "जरा उजेडात धर ना. हं. आता डावीकडून." वीस वीस मिनिटं. मग इलारिये, तो तर वेगळ्याच कारणाने. "तुला आमच्या मेंढ्या आधी काढायला सांगितलं होतं. त्यांना शेवटी ताटकळत ठेवतोस होय? पुढे घे, मी बघतोय." त्यापाठोपाठ झाहारियाही: "मग आमच्याही पुढे." त्या दोघांच्या मेंढ्या दाराच्या अगदी तोंडाशी, कुंपणाला लागून उभ्या करायची पद्धत पडली ती अशी.

आई चीजचा गोळा फडक्यात पिळताना म्हणायची, "ती कास माझ्यापुढे आण एकदा. मी दाखवते तिला काय दाखवायचं ते."

"पालागा, गप."

"का गप? तुझ्या आईने तुला मेंढी दाखवायला जन्माला घातलं का? सर्कशीत तिकीट तरी लावतात."

धार लांबली की दूध कमी उतरतं, दूध कमी की वाट्याला ओढाताण, ती आमच्या अंगावर. मेंढ्यांच्या कासा रात्री दगडासारख्या व्हायच्या. दोघींना गाठी झाल्या. त्यावरूनही फोन आला: "आमच्या मेंढीला गाठ कशी झाली? कॅमेऱ्यासमोर पिळून दाखव."

चार्जिंगसाठी छपरावर सूर्यावर चालणारी एकच पाटी होती, फोन तिला लावायचा. स्वच्छ दिवशी काळा तिच्यावर दोनदा जेवायचा तेव्हा कुठे सातपर्यंत तग धरायचा. निळा फळीवर पडून. त्याला आम्ही टॉर्च म्हणून वापरायचो. महिन्यात तीनदा चार्ज केला असेल. तळावर त्याला एकही दांडी यायची नाही. दोन्ही सिमकार्डं अदलाबदल करून बघितली, त्याला तिथलं कुठलंच गोड लागेना. मितरू म्हणाला, "एकाला जीव नाही, दुसऱ्याला शब्द नाही. ह्यांचं लग्न लावून द्या."

जुलैच्या शेवटी धुकं आलं. तारनित्सावर ते येतं तेव्हा हातभर अंतरावरचा स्वतःचा कुत्रा दिसत नाही. पहिला दिवस, दुसरा दिवस. पाटी ओली, मेलेली. बापाने फोन बंद करून बनियनच्या आत ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी सातला तो नियमाने चालू केला. झाहारियाची बायको म्हणाली, "काही दिसत नाही रे दादा. धुकं बाजूला कर ना." तेवढ्यात पंचवीसातले सोळा टक्के गेले. बाप म्हणाला, "बास. नऊ उरलेत. हे अडीनडीला." त्याने फोन खिशात ठेवला आणि चुकून तो चालू राहिला, असं नाही. त्याने मुद्दाम चालू ठेवला. म्हणाला, अडीनडीला चालू करायला गेलो आणि बोटाला दाद दिली नाही तर?

तिसऱ्या सकाळी इलारियेचा फोन आला. बापाने नाकाने उचलला.

"लागला?" इलारिये म्हणाला.

"लागला. काय आहे?"

"काही नाही. बघत होतो, लागतो का." आणि ठेवला.

पाच मिनिटांनी पुन्हा. "अजून लागतो?"

"इलारिये, चार्जिंग नाहीये, नको करू."

"असं कसं? अकरा खाचांचा फोन आहे तो."

अकरा वेळा केला. मी मोजले. प्रत्येक खाचेला एक, बहुतेक. अकराव्या वेळी काळा त्याचं वाक्य अर्धवट तोडून मेला. मी सांगते, त्या क्षणी मला हसू आलं. शेवटचं हसू ते.

अस्वल आलं दुपारच्या धारेला.

कुत्रे एकदम एका बाजूला भुंकले आणि लगेच दुसऱ्या बाजूला. मेंढरं एकदम दाबली गेली. मी दाराशी होते, दारातून एकाच वेळी तीन मेंढ्या यायला बघत होत्या, माझा गुडघा दगडाला चेपला. बाप ओरडला, "कुंपण! कुंपण!" बाजूचं लाकडी कुंपण कडकड मोडलं. धुक्यात एक मोठी तपकिरी पाठ फक्त दिसली, ओल्या गोधडीसारखी, आणि वास. मितरू परात बडवत धावला. आई चुलीतलं जळतं लाकूड घेऊन. ते सगळं किती वेळ चाललं मला माहीत नाही. परात वाजत होती आणि माझ्या हातात अजून बादली होती.

सात गेल्या. अस्वलाने दोन फाडल्या, पाच त्या चेंगराचेंगरीत कुंपणाशी चिरडल्या. तीन झाहारियाच्या, चार इलारियेच्या. त्या पुढे होत्या ना, कुंपणाला लागून.

बापाने काळा फोन काढला. दाबला. चोळला. नाक लावलं. छातीशी धरून, शर्टात घालून, ऊब देऊन बघितलं, जसं कोकराला देतात. मग तो मितरूला म्हणाला, "बाकीची मेंढरं रानात पांगलीत, चल." आणि मला म्हणाला, "तू निळा घे."

निळ्यात ब्याऐंशी टक्के होते. मी सातही मेंढ्यांचे फोटो काढले. फार सुंदर आले, धुकं असूनही. मग टोकाच्या दगडाकडे पळाले. पाऊण तासाची चढण, गुडघा सुजलेला, दोनदा रस्ता चुकले, एकदा कड्याच्या टोकाशी पोचले आणि समोर काहीच नाही म्हणून थांबले. दगडावर चढून हात वर केला. तीन दांड्या आल्या. फॉर्म उघडला. नाव, मेंढ्या किती, वेळ. जागा फॉर्मने स्वतःच भरली. पाठवला. खूण आली, पोचलं. मी दगडावर बसून रडले, मग फोनवर आलेला दुसरा मेसेज वाचला: आमच्या देशात आपलं स्वागत आहे. कॉलचे दर पुढीलप्रमाणे.

त्या तीन दांड्या पलीकडच्या देशाच्या होत्या. मे महिन्यापासून. साक्षीदार धापा टाकत वर जाऊन ज्या नऊ खाचा पाडून आले, त्या सगळ्या परदेशी होत्या.

मेंढरं गोळा करायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी धुकं निवळलं तेव्हा बाप आणि मी गावात उतरलो, पाच तास. बापाच्या झोळीत सात कान होते.

रीत अशी की अस्वलाने मेंढी मारली तर म्होरक्याने तिचा कान आणायचा. प्रत्येक घराची कानाला वेगळी खूण असते, कुणाची टोकाला चीर, कुणाचं भोक. मालक कान घेतो, खूण बघतो, म्होरक्याला आलुबुखाऱ्याच्या दारूचा एक पेला देतो. मेंढी गेली, पण माणूस खोटा नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकतीस वर्षांत कुणी पेला द्यायचा राहिलेला नाही.

झाहारियाच्या दुकानात बापाने तीन कान फळीवर ठेवले.

"दादा, उचल ते. पाव आहेत तिथे."

"खूण बघ."

"बघितली. फोटो?"

"तुझा फोन मेला होता."

"माझा फोन?" झाहारियाने खिशातून स्वतःचा काढला. "माझा हा बघ, चालू आहे."

"तो काळा. मोजून दिलेला. अकरा खाचा."

"कसली मोजणी?"

दुकानात सहा-सात माणसं होती. सगळी साबण बघायला लागली. आयुष्यात इतक्या बारकाईने त्यांनी साबण बघितला नसेल.

बापाने कमरेच्या पट्ट्यातून अर्धी काठी काढली. "तुझी अर्धी काढ."

"माझ्याकडे कसली अर्धी? घरात काटक्या पुष्कळ असतात, बायको चूल पेटवते. एका अर्ध्या काठीवर काय सिद्ध होतं, ओनिशोर? खाचा काय, मीही पाडीन."

इलारिये दारात येऊन उभा होता. बापाने उरलेले चार कान त्याच्यापुढे धरले. त्याने हात मागे बांधले. आणि मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, मधे कुणाला न घालता, तो सरळ म्हणाला:

"झाहारिया, तू म्हणतोस ते बरोबर आहे."

"मग मेंढरं खाली उतरवायची?"

"उतरवू. येत्या शनिवारी."

तेवढ्यात ठरलं. दोघांनी हातसुद्धा मिळवले. बापाने तीन कान फळीवरून उचलले, पावाला लागलेलं रक्त बाहीने पुसलं आणि म्हणाला, "हा पाव मी घेतो. पैसे घे." त्या पावाचे पैसे झाहारियाने घेतले.

पंचायतीत दोम्निका होती. चांगली मुलगी आहे, माझ्या वर्गात होती. तिने आम्हाला खुर्ची दिली. संगणक आमच्याकडे वळवला.

"आलंय ना सावेताचं," ती म्हणाली. "वेळेत आलंय. चोवीस तासांच्या आत. पण जागा बघा, फॉर्मने रेंजवरून घेतलीय. पलीकडचा देश."

"मेंढ्या इथे मेल्या, दोम्निका."

"मला माहीत आहे गं. पण फॉर्मला नाही ना माहीत."

"कान आहेत," बाप म्हणाला. "हे बघ. गावाच्या खुणा."

"काका, कानासाठी इथे रकाना नाही. तुम्ही त्यांच्याकडे अर्ज करा, पलीकडे."

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे नोंदच नाही. म्हणजे आमच्या हद्दीत घटना घडलेली नाही." तिने मान खाली घातली. "मी नाही म्हणत. असं दिसतं इथे."

परतताना चढणीवर बाप पुढे, मी मागे. पहिल्या झऱ्यापाशी तो पाणी प्यायला वाकला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, मोजणीच्या दिवशी त्याच्या डगल्यात वायर होती. मी बघितली होती."

तो तोंड पुसत उठला. "मीही बघितली."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळेच मीठ चारतात, म्हटलं." मग त्याने असा एक दगड उचलला, असा फेकला खाली गावाच्या दिशेने, की त्याच्या खांद्यातून आवाज आला. दगड कुठेही पोचला नाही. त्यानंतर तळावर पोचेपर्यंत तो शिव्या देत होता, एकेका घराला, नावानिशी, चाळीसही. मी कधी त्याच्या तोंडून अशा शिव्या ऐकल्या नव्हत्या. मधे एक नाव राहिलं, ते मी सांगितलं.

शनिवारी ते आले. सव्वादोनशेच्या आसपास मेंढरं दारातून बाहेर पडली. बापाने दार स्वतः उघडलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रविवारी धाकटी घरं आली. "दादा, आमचं काही नाही, पण एकटी कशी ठेवायची?" बायका आईच्या नजरेला नजर देईनात. एकीने जाता जाता विचारलं, चीजचा वाटा अजून किती मिळेल. आईने अख्खा गोळा तिच्या झोळीत कोंबला. "ने. आणि फोनवर दाखव सगळ्यांना."

संध्याकाळी सातला चौदा मेंढ्या होत्या. बाप, मी आणि मितरू तिघेही सवयीने दाराशी बसलो. पाच मिनिटांत धार संपली. मितरू म्हणाला, "आता काय?" बापाने दोन्ही फोन आणायला सांगितले, चाकूने दोघांच्या कोपऱ्यावर आमच्या घराची खूण खरवडली आणि भाकड मेंढ्यांच्या आवारात टाकले. आमच्या एका भाकडीने निळा हुंगला आणि त्यावर पाय देऊन उभी राहिली.

मग तो माझ्याजवळ येऊन बसला. "तुझं अक्षर चांगलं आहे. लिही."

"काय लिहू?"

"दोम्निका म्हणाली ना, घडलंच नाही. ते धरून लिही. नीट लिही, वर पत्ता घाल."

आई चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "माझंही नाव घाल."

मी लिहिलं ते असं:

प्रति, माननीय प्रमुख, पंचायत कार्यालय, मोलिदा.

विषय: मेंढ्या ताब्यात मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे, तारनित्सा पठारावरील तळाचे म्होरके ओनिशोर, पत्नी पालागा व मुलगी सावेता, आपल्या कार्यालयाने दिलेली माहिती मिळाल्याचे नम्रपणे मान्य करतो. सदर माहितीनुसार गेल्या महिन्याच्या अखेरीस आपल्या हद्दीत अस्वलाने कोणतीही मेंढी मारलेली नाही. आमची त्यास हरकत नाही.

त्या अर्थी खालील सात मेंढ्या जिवंत आहेत: टोकाला चीर असलेल्या तीन, भोक असलेल्या चार. त्यांपैकी एक काळ्या तोंडाची, हिच्या डाव्या सडाला गाठ आहे, तिची धार हळू काढावी लागते. एकीला दोन पिलं आहेत. एकीला दगडी पायरी चढताना मागून हात लावावा लागतो, नाहीतर ती तिथेच उभी राहते.

तरी कार्यालयाने सदर सात मेंढ्या आहेत त्या स्थितीत, पायी किंवा वाहनाने, तळावर पोचत्या कराव्यात, जेणेकरून त्या मालकांना दाखवून बाकीचे कळप परत वर आणता येतील. आम्ही सर्वजण तळावरच आहोत. दार उघडे ठेवले आहे. शक्यतो उद्या, दुपारच्या धारेआधी, ही विनंती.